निघताना आई काय म्हणाली

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी माझ्या डोक्यावर कडक रोट्टीचं गाठोडं होतं. रोट्टी म्हणजे ज्वारीची पापडासारखी पातळ, वाळवलेली भाकरी. नीट ठेवली तर महिनाभर टिकते. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, आठवडाभर चुलीपुढं बसून त्या थापल्या होत्या, कारण कोल्हापुरात ज्वारी मिळते की नाही याची तिला खात्री नव्हती. जिथं साक्षात अंबाबाई राहते तिथं ज्वारी मिळणार नाही असं तिला का वाटलं, ते तिचं तिलाच ठाऊक. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, धाकटी बहीण शिवलीला सहा वर्षांची. अप्पा वर्षभर आधीच कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मोल्डिंगच्या कामाला लागले होते आणि आता आम्हाला न्यायला आले होते.

आमचं गाव सीमेच्या पलीकडं, कानडी मुलखात. दोन बस बदलल्या की कोल्हापूर. एवढ्याशा अंतराला स्थलांतर म्हणतात का, असं माझ्या सासरचे लोक मला चिडवतात. लोक अमेरिकेला जातात आणि बर्फाच्या आठवणी लिहितात, मी आपली निपाणी ओलांडून आले. पण कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर मी पाट्या वाचायला लागले आणि एकही अक्षर ओळखीचं दिसेना, तेव्हा मी अमेरिकेला जाणाऱ्याइतक्याच परक्या मुलखात येऊन पडले होते. आदल्या दिवसापर्यंत मी तिसरी पास झालेली हुशार मुलगी होते. त्या स्टँडवर मी अडाणी झाले.

गावातून बस सुटताना आमची अख्खी गल्ली आली होती. सगळ्यांचं एकच चाललेलं, "लगू बर्री." लवकर या. आमच्याकडं ही रीतच आहे. कुणी बाजाराला निघो, नाहीतर मुलगी सासरी निघो, मागं राहणाऱ्यानं जाणाऱ्याला 'लगू बा' म्हणायचं. त्याशिवाय माणूस उंबरा ओलांडत नाही. अव्वा मात्र त्या दिवशी तसं काही म्हणाली नाही, कारण ती स्वतःच जाणाऱ्यांतली होती. तिनं शिवूची मूठ माझ्या हातात दिली आणि शिवूला म्हणाली, "अक्कन कै बिडब्याड." ताईचा हात सोडू नको.

कोल्हापुरात आम्हाला मिळाली ती पत्र्याची खोली. वसाहतीत आमच्यासारखी बरीच घरं होती. कुणी कर्नाटकातलं, कुणी बिहारकडचं, कुणी सोलापूर भागातलं. समोरच्या किराणा दुकानदारानं अव्वाला पहिल्याच दिवशी मोठ्यानं विचारलं, "काय पावणं, कुठलं गाव?" आवाज ऐकून तिला वाटलं, हा माणूस भांडायलाच उठलाय. ती तशीच परत आली. कोल्हापूरकर प्रेमानं बोलतो तेव्हाही तसाच बोलतो, हे कळायला तिला वर्ष लागलं. त्यानंतर मात्र तीही तितक्याच मोठ्यानं बोलायला लागली.

शाळा वसाहतीच्या मागं, मोठा रस्ता ओलांडून माळावर होती. दोन खोल्या, दोन शिक्षक. कानडी शाळा सीमेजवळच्या गावांत आहेत, पण आमच्या आसपास नव्हती. मला मराठी येत नाही म्हणून तिसरी पास असताना दुसरीत बसवलं, शिवूला पहिलीत. पहिली-दुसरी एकाच खोलीत होती, म्हणून निदान आम्ही दोघी एकत्र बसू शकलो. शाळेच्या पहिल्या सकाळी अव्वा खोलीच्या दारात उभी राहिली आणि आम्हाला म्हणाली, "लगू बर्री." मग शिवूला म्हणाली, "अक्कन कै बिडब्याड." आता मागं राहणारी ती होती. त्या सकाळी ती पत्र्याची खोली मला पहिल्यांदा घरासारखी वाटली. पुढं रोज सकाळी तीच दोन वाक्यं, त्याच क्रमानं.

आमच्या खोलीला चौगुले बाई शिकवायच्या. गडमुडशिंगीहून स्कूटीवर यायच्या. त्यांच्या घरी चार म्हशी होत्या आणि डेअरीला दूध घालूनच त्या शाळेला निघायच्या. आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या पोरांचेही पाढे त्यांच्याच आवाजानं पाठ व्हायचे. कानडीतला एक शब्द त्यांना येत नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की अशी कामं करणाऱ्या माणसांकडं काहीतरी खास विद्या असते. बाईंकडं फक्त एक दोनशे पानी वही होती आणि भरपूर धीर होता.

त्या वहीची गोष्ट अशी. शाळा सुरू होऊन दोनेक आठवडे झाले असतील. हजेरी चालू होती, आणि प्रकाश नावाचा एक मुलगा 'हजर' म्हणायच्या ऐवजी रडायला लागला. बाईंनी विचारलं, "काय झालं रं? घरातनं निघताना आई काय म्हणली?" त्यानं हुंदके देत सांगितलं, "म्हणली, आज डबा सांडलास तर घरात घ्यायची न्हाय." अख्खा वर्ग हसला, प्रकाशही हसला. बाई म्हणाल्या, "उद्यापास्नं कुणी हजर म्हणायचं न्हाय. निघताना आई काय म्हणली ते सांगायचं. जशी म्हणली तशीच. साखर लावायची न्हाय."

तेव्हापासून आमची हजेरी तशी झाली. सरकारी हजेरीपट वेगळा होता, तो बाई नंतर भरायच्या. सकाळी ती दोनशे पानी वही निघायची. एकेक मूल उभं राहायचं, आईचं वाक्य सांगायचं, बाई ऐकलं तसं लिहून घ्यायच्या आणि स्वतःच म्हणायच्या, "हजर!" प्रकाशची आई रोज नवी धमकी द्यायची. समीनाची आई म्हणायची, "रस्ते में खेलते बैठू नक्को, सीधा घर कू आ." बिहारकडच्या एका मुलाची आई म्हणायची, "जल्दी अइह," म्हणजे तेच, लवकर ये. गंमत म्हणजे मराठी मुलंही त्या हजेरीत पहिल्यांदा मोकळी झाली. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरचीही नव्हती. पुस्तकातल्या आया 'बाळ' म्हणायच्या, त्यांच्या आया 'मुडद्या' म्हणायच्या. शाळेत कुणी आपल्या आईचं बोलणं वहीत लिहून घेतं, हे त्यांना भारी वाटायचं.

आणि मी काय केलं? मी खोटं बोलले. मला दोन महिन्यांत कामापुरतं मराठी आलं होतं, रस्त्यावर खेळून आलेलं. कानडीत बोललं की मागच्या बाकावरून कुणीतरी 'अंडुगुंडु' करून चिडवायचं. म्हणून माझी पाळी आली की मी पुस्तकातली आई उभी करायचे. "बाळ, नीट अभ्यास कर, मोठी हो." दुसऱ्या दिवशी, "बाळ, गुरुजनांचा मान राख." बाई माझ्याकडं बघायच्या. "असं म्हणली?" "हो, बाई." "बरं." आणि लिहून घ्यायच्या. अव्वानं जन्मात कुणाला गुरुजनांचा मान राख म्हटलं नव्हतं.

शिवू तर बोलतच नव्हती. घरी तिची टकळी थांबायची नाही, पण शाळेच्या फाटकाशी आली की ओठ मिटायची. बाई हाक मारायच्या, "शिवलीला." मग हाताची बोटं एकेक करून मिटत दहापर्यंत थांबायच्या. ती बोलायची नाही. बाई म्हणायच्या, "बरं, उद्या." वहीतल्या तिच्या नावापुढची जागा कोरी ठेवायच्या, गैरहजर लिहायच्या नाहीत. रोज दहा बोटं. पाऊसकाळा गेला, गणपती गेले, बाईंची दहा बोटं चुकली नाहीत. मी आज नर्स आहे, वॉर्डात तीस पेशंट असतात, आणि एका पेशंटसाठी दहा बोटं मिटेपर्यंत थांबणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे.

पण मोठ्या गुरुजींचा धीर सुटला. मुख्याध्यापक तेच होते. माणूस वाईट नव्हता, पण साहेबांच्या भेटीला भ्यायचा. तपासणीला वरचे साहेब येणार होते आणि साहेब मुलांना प्रश्न विचारतात. गुरुजींनी अप्पांना बोलावून सांगितलं की पोरीत काहीतरी कमी दिसतंय, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर तिला गावी पाठवा, तिथं कानडी शाळा आहे. अप्पांनी घरी येऊन सांगितलं. मामाला निरोप गेला. दिवाळीला मामा येणार आणि जाताना शिवूला घेऊन जाणार, असं ठरलं.

अव्वानं शिवूचा फ्रॉक धुतला, वाळवला, घडी करून वेगळा ठेवला. मी तो फ्रॉक बघितला आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. खरी गोष्ट अशी, की मी तेव्हा शिवूवर रागावलेले होते. तिच्यामुळं मला हसतात असं वाटायचं. रस्ता ओलांडला की मी तिचा हात सोडून द्यायचे आणि चार पावलं पुढं चालायचे. ती पळत मागून यायची आणि माझ्या दप्तराचा बंद धरायची, मी तोही झटकायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतलीच गोष्ट. हजेरीत माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आई म्हणाली, बाळ, बहिणीला सांभाळून ने." त्या दिवशीही मी बहिणीचा हात रस्त्यातच सोडून पुढं आले होते, आणि तोंडात हे वाक्य कसं आलं, देव जाणे. बाई लिहायला लागल्या. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, मोठा, फाटका आवाज. "सुळ्ळ!"

सगळा वर्ग वळला. शिवू उभी होती, लालबुंद. ती परत ओरडली, "अक्का सुळ्ळ हेळताळ!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला विचारलं, "काय म्हणली गं ती?"

आता ते वर्गात फक्त मलाच कळत होतं. माझ्यावरचा आरोप मलाच मराठीत सांगायचा होता. मी मान खाली घालून म्हणाले, "म्हणती, ताई खोटं बोलती."

कुणीही हसलं नाही. बाईंनी शिवूकडं बघितलं. "मग खरं काय? आई काय म्हणली?" मराठीतून विचारलं, पण इतक्या दिवसांनी तो प्रश्न शिवूला पाठ झाला होता. ती म्हणाली, "अक्कन कै बिडब्याड."

"म्हणजे?" बाईंनी मला विचारलं.

"ताईचा हात सोडू नको," मी म्हणाले आणि रडायला लागले.

बाईंनी ते वाक्य वहीत लिहिलं. कानडी अक्षर येत नव्हतं, म्हणून आपल्या अक्षरांत, शिवूला दोनदा विचारून. मग केवढ्यांदा म्हणाल्या, "हजर!" शेजारच्या खोलीतून मोठे गुरुजी धावत आले, काय झालं म्हणून. बाईंनी मला रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या, "महानंदा, आता तुझ्या आईचं सांग. पुस्तकातल्या आईचं नगं." मी म्हणाले, "लगू बा." बाईंनी लिहून घेतलं.

पण त्यानं प्रश्न सुटला नव्हता. गुरुजी म्हणाले, पोरगी बोलली हे छान, पण बोलली कानडी, आणि शाळा मराठी आहे. त्यात नेमके ते दिवस सीमेवरच्या गडबडीचे होते. असं काही झालं की एसट्या बंद पडतात आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या पाट्यांना काळं फासतात. कुणातरी पालकानं तक्रार केली की मराठी शाळेत कानडी शिकवतायत. अप्पांनी आम्हाला रस्त्यात कानडी बोलायचं नाही म्हणून बजावलं आणि एका संध्याकाळी शाळेत येऊन हात जोडून म्हणाले, "बाई, पोरगी गावाला पाठवतो. तिथं तिची भाषा हाय. तिथं ती बोलंल."

बाई म्हणाल्या, "बोलंल की. पण कुणासंगं? आई हितं हाय तिची."

मोठे गुरुजी तिथंच उभे होते. ते म्हणाले, "बाई, पण साहेब येणार आहेत. त्या दिवशी तरी तिला घरी ठेवा. मुकी पोरगी बघून शेरा मारतील."

"गुर्जी, ती मुकी न्हाय," बाई म्हणाल्या. "आपुन बहिरं हाय. आनि ती त्या दिवशी येनार."

मी कोपऱ्यात दप्तर घेऊन उभी होते. ते वाक्य मला त्या दिवशी पुरतं कळलंही नाही. पुढं नर्सिंगला असताना हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलं की भाषेनं अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, अशी सोय राज्यघटनेत आहे. मला फार बरं वाटलं आणि थोडा रागही आला. कारण आमच्यापुढं तेव्हा दोनच दारं होती. भाषा हवी असेल तर आई सोडायची, आई हवी असेल तर भाषा. सहा वर्षांच्या मुलीला हे निवडायला लावायचं नसतं, हे बाईंनी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं की नाही ते मला माहीत नाही. त्यांना ते आपोआप कळत होतं.

साहेब आले त्या दिवशी अव्वानं शिवूला तो घडी करून ठेवलेला फ्रॉक घातला. साहेबांनी पाढे विचारले, कविता विचारली, आणि मग टेबलावरची दोनशे पानी वही उघडली. बराच वेळ चाळली. "बाई, हे काय आहे?"

"हजेरी हाय, साहेब."

"यात हजर-गैरहजर कुठं आहे?"

"जे बोललं ते हजर."

साहेबांनी एका पानावर बोट ठेवलं. "ही कोणती भाषा?" मोठ्या गुरुजींना घाम फुटला. बाई सरळ म्हणाल्या, "कानडी. ह्या पोरीच्या आईची." आणि शिवूला पुढं बोलावलं. साहेब खाली वाकले. "नाव काय तुझं?"

बाईंची बोटं पदराआड मिटायला लागलेली मी बघितली. तीन बोटं मिटली असतील. शिवू म्हणाली, "माझं नाव शिवलीला. अव्वा म्हणली, अक्कन कै बिडब्याड. ताईचा हात सोडू नको." आधी कानडी, मग मराठी, एका दमात, कुणी न सांगता. चार महिने ती रोज ऐकत होती, सगळं गोळा करून ठेवत होती. फक्त ते बाहेर यायला तिला तिच्या घरचं एक वाक्य आधी लागत होतं.

साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या, चहा घेतला. जाताना बाईंना म्हणाले, "वहीत आहे तोवर ठीक आहे. फळ्यावर नको."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. सगळ्यांची वाक्यं, एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या पुढं मराठी. त्या दिवाळीत मामा आला, फराळ खाल्ला आणि एकटाच परत गेला. अव्वानं त्याला दारातून म्हटलं, "लगू बा."

पुढं बाईंनी अव्वालाच शाळेत बोलावलं, शनिवारी. अव्वा दारातच उभी राहिली, पदर तोंडाशी धरून. बाई म्हणाल्या, "या की आत, लाजताय कशापायी?" अव्वानं मुलांना आकडे शिकवले. ओंदु, एरडु, मूरु. महिनाभरात आमच्या शाळेच्या पटांगणात लंगडीचे आकडे कानडीत मोजले जायचे, आणि सगळ्यात मोठ्यानं मोजायचा तो प्रकाश, 'अंडुगुंडु' म्हणून चिडवणाऱ्यांचा म्होरक्या. अव्वा स्वतःही त्या शनिवारांनी मराठी वाचायला शिकली. बाईंनी तिला पाटी दिली आणि पहिलीच्या पोरांत बसवली. आमच्या घरात आईचं आणि धाकट्या लेकीचं शिक्षण एकाच बाकावर झालं.

आज मी मंगळवार पेठेत राहते. नवरा इथलाच, अस्सल पेठेतला. दारातून हाक मारली तर तालमीपर्यंत ऐकू जाते. आमची गौरी आता सहा वर्षांची आहे. मी एका दवाखान्यात सिस्टर आहे, आणि आमच्याकडं सीमेपलीकडून पुष्कळ पेशंट येतात. कधी एखादी म्हातारी कॉटवर पडून छताकडं बघत असते, केसपेपरवर 'प्रतिसाद देत नाही' असं लिहिलेलं असतं. मी सलाईन बघता बघता विचारते, "ऊटा आतेनव्वा?" जेवण झालं का आई? म्हातारी एकदम मान वळवते आणि मग मला ड्यूटी संपेपर्यंत सोडत नाही. नव्या मुलींना वाटतं, सिस्टरच्या हाताला गुण आहे. मी त्यांना चौगुले बाईंची गोष्ट सांगते.

शिवू लग्न होऊन सीमेपलीकडं गेली आणि तिथं एका कानडी बालवाडीत शिकवते. वर्गात निम्मी मुलं घरी मराठी बोलणारी. आता तिकडं मराठी ही कमी लोकांची भाषा आणि शिवू जास्त लोकांच्या भाषेची बाई. तिनं काय केलं असेल ते सांगायला नको. तिचीही एक दोनशे पानी वही आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, ओरडतच. शाळा सुरू झाल्यापासून ओठ मिटून बसलेला एक मराठी मुलगा त्या सकाळी उभा राहिला आणि म्हणाला, "आई म्हणली, नाक पूस आन् जा." शिवू फोनवर हसत होती आणि रडत होती. "अक्का, बाईंना सांग," म्हणाली. "तू जाऊन सांग."

बाई निवृत्त झाल्यात. गडमुडशिंगीतच असतात, म्हशी आता दोनच. मी जाईन जाईन म्हणत वर्ष घालवलं होतं. त्याचं एक कारण होतं. अप्पा गेल्यापासून अव्वा माझ्याकडं राहायची, दाराशेजारच्या कॉटवर. जो कुणी दारातून बाहेर पडेल त्याला ती म्हणायची, "लगू बा." नवऱ्याला, सासूबाईंना, गौरीला, अगदी गॅसची टाकी देऊन जाणाऱ्यालाही. तो बिचारा दर वेळी 'व्हय आजी' म्हणून जायचा. गेल्या वर्षी अव्वा गेली. ती गेली आणि आमच्या घरातली कानडी थांबली. मी ती मुद्दाम थांबवली नाही. बोलायला समोर कुणी नव्हतं, एवढंच. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की घरात मी कानडीत एक शब्दही बोललेली नाही. बाईंना हे कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून मी जात नव्हते.

गेल्या रविवारी गेले. बाई गोठ्यात वैरण टाकत होत्या. मला बघून तिथूनच ओरडल्या, "कोण गं? महानंदा व्हय? ये की, वाट इसरलीस व्हय?" मी शिवूच्या बालवाडीचं सांगितलं, त्या मुलाचं वाक्य सांगितलं. बाई खूप हसल्या, दोनदा परत म्हणायला लावलं. "नाक पूस आन् जा! लई भारी आई हाय." स्वतःचं कौतुक झालं की त्यांना ते कानाआड करायची सवय आहे, तशी त्यांनी परत वैरण उचलली. आणि माझ्याकडं न बघता, सहज, जुन्या आवाजात म्हणाल्या, "महानंदा. निघताना आई काय म्हणली?"

अव्वा गेल्याचं मी त्यांना कळवलंच नव्हतं. बाई वळल्या. माझा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं असावं. पण त्यांनी प्रश्न मागं घेतला नाही. वैरण खाली ठेवली आणि हाताचं एक बोट मिटलं. मग दुसरं.

त्या बोटांकडं बघताना मला सकाळचं दार आठवलं. मी चपला घालत होते. गौरी अव्वाच्या कॉटवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मान वर न करता, पेन्सिल न थांबवता, ती काहीतरी म्हणाली होती. मी घाईत होते, 'हो हो' म्हणून निघून आले होते. मी तिला ते कधी शिकवलं नव्हतं. तिनं ते त्या कॉटवरून आपसूक उचललं होतं. माझं गाव, ती पत्र्याची खोली आणि मंगळवार पेठ, मी तिन्ही ठिकाणी राहिले, आणि घर तेच, जिथून निघताना मला कुणीतरी हे म्हटलं.

बाईंचं सातवं बोट मिटत होतं.

"आई गेली, बाई," मी म्हणाले. "पोरगी म्हणली. लगू बा."

बाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हजर!"